खडू आहे का, गुरुजी?

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. तुमच्याकडे तो एक तारखेला जिममध्ये वर्षाचे पैसे भरतो आणि दहा तारखेला दिसेनासा होतो. आमच्या वावर गावात जिम नाही. त्यामुळे जव्हार तालुक्याच्या या टोकाला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत येतो, दाराच्या चौकटीला टेकतो आणि विचारतो, "खडू आहे का, गुरुजी?"

कशाला, हे विचारायचं नसतं. या माणसाचं, म्हणजे आमच्या दादाचं, काहीतरी नुकतंच कोसळलेलं असतं आणि त्याला ते नव्याने उभं करायचं असतं. संकल्प वहीत लिहिला तर वही उंदीर खातात, मनात ठेवला तर कोणाला कळत नाही, म्हणून तो घराच्या कुडावर लिहितो. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, आणि त्यावर रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत दादाचं भवितव्य. "चार माणसांनी वाचलं की लाज वाटते. लाज वाटली की काम होतं," असा त्याचा सिद्धांत. काम होताना फारसं दिसत नाही. लाज तर अजिबातच नाही.

संकल्पाच्या वजनाप्रमाणे खडूचा रंग ठरतो. तंबाखू सोडायची असेल तर पांढरा चालतो, कारण ती नेहमीची बाब. धावण्यासाठी पिवळा. बारावीच्या परीक्षेला तांबडाच लागतो. एकदा त्याने हिरवा मागितला तेव्हा मी धसकाच घेतला. मोगरा लावायचा होता.

'आजपासून तंबाखू बंद' या पांढऱ्या अक्षरांखाली बसून दादा निवांत तंबाखू मळत होता. "दादा, वर काय लिहिलंय?" मी म्हटलं. मान वर न करता तो म्हणाला, "ते काल लिहिलंय, गुरुजी. काल दिवसभर बंदच होती."

धावण्याचं प्रकरण पोलीस भरतीपासूनचं. भरतीला १६०० मीटर धावावं लागतं, आणि दादा ऐन वयात ते धावायचाही. पण भरती निघाली त्या वर्षी पाय मुरगळला, पाय बरा झाला तेव्हा भरती निघाली नाही, आणि दोन्ही जमून आलं तेव्हा वयाची अट आडवी आली. दुसरा कोणी बूट काढून घरी बसला असता. हा आजही पहाटे गावातल्या पोरांबरोबर रस्त्यावर धावतो आणि मोबाइलवर वेळ लावतो. वाटेत एसटी आली, डोक्यावर मोळी घेतलेली म्हातारी आली, कोणाची म्हैस आडवी बसली, तर तेवढे सेकंद तो प्रामाणिकपणे वजा करतो. एकदा सगळं वजा करून त्याची वेळ राज्यात पहिली येण्याइतकी निघाली. तेव्हा म्हशीला जास्त सेकंद दिल्याची शंका त्याला स्वतःलाच आली.

संकल्प संपल्याची अधिकृत घोषणा मात्र दादा करत नाही, वहिनी करतात. सणासुदीला कूड सारवायचा असतोच, पण त्याआधीच एखाद्या सकाळी त्या अक्षरांकडे बघतात, कमरेला पदर खोचतात आणि म्हणतात, "भिंत सारवायला झाली." शेणाचा एक हात फिरला की तंबाखू, धावणं, बारावी सगळं सपाट. सारवण वाळायच्या आत दादा शाळेच्या दारात हजर. गावाने हे वाक्य उचललं नसतं तरच नवल. कोणाचं ठरलेलं लग्न फिसकटलं, कोणाचं इंजिन जळलं, निवडणुकीत कोणाची अनामत गेली, की पारावर एवढंच म्हणतात, "त्याची भिंत सारवायला झाली." पुढचं सांगावं लागत नाही.

संकल्प भिंतीवर लिहायची ही खोड दादाला लागली कुठून, याबद्दल मला एक संशय आहे. १९९२ साली वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालकं कुपोषणाने दगावली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं हे आडबाजूचं गाव एकाएकी राज्यभर माहीत झालं. जिथे बैलगाडी अडत होती तिथे लाल दिव्याच्या गाड्या आल्या. मग १९९५ साली नवसंजीवन योजना आली. २००५ साली राजमाता जिजाऊंच्या नावाचं मिशन. २०१४ साली पालघर हा नवा जिल्हाच झाला. २०१५ साली अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार. आणि २०१६ साली शेजारच्या मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या. प्रत्येक वेळी नवं नाव, नवी घोषणा आणि घोषणेसाठी भिंतीला नवा रंग. जुनी घोषणा खाली, नवी वर. १९९२ साली दादा माझ्या आजच्या तिसरीतल्या पोरांएवढा होता. भिंती वाचतच तो मोठा झाला. योजनांनी काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. अंगणवाडीत अंडी शिजतात आणि ती खाल्लेली पोरं माझ्या वर्गात बसून मला छळतात. पण दादाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याने संकल्पाचं नाव कधी बदललं नाही. बारावी म्हणजे बारावीच.

त्या कुडावर एक ओळ अशी आहे जिच्यासाठी त्याने माझ्याकडे खडू मागितला नाही. ती चुलीतल्या कोळशाने लिहिलेली आहे, दाराच्या आतल्या बाजूला, कोणी न वाचावी अशी. 'यंदा उचल नाही.'

उचल म्हणजे काय हे वावरात पहिलीतल्या पोरालाही समजतं. भात कापून होतं, नागली-वरई घरात येते, ती किती दिवस पुरणार याचा हिशोब होतो आणि दिवाळी सरली की वीटभट्टीचे ट्रक येतात. पावसाळ्यात अडीनडीला आगाऊ घेतलेली रक्कम फेडायला अख्खं कुटुंब भिवंडी-वसईकडे निघतं. पोरंही जातात. वर्गात माझ्यासमोर रिकामी बस्करं राहतात. पावसाच्या तोंडाला माणसं परत येतात, राब भाजतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. सगळं गाव दरवर्षी शून्यावर येतं, पण त्याला कोणी हसत नाही. त्याला शेती म्हणतात.

हिरवा खडू ही उचल टाळण्यासाठी होता. बाएफसारख्या संस्थेने जव्हारकडे फळझाडांच्या वाड्या आणि मोगरा रुजवलेला दादाने पाहिला होता. त्याने रोपं आणली, खड्डे खणले. पहिल्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि अर्धी रोपं जळाली. भिंत सारवली गेली. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा हिरवा खडू घेऊन गेला, आणि नवरा-बायकोने ओढ्यातून कावडीने पाणी घालून उरलेली झाडं जगवली. पहाटे कळ्या खुडायच्या आणि नाशिकच्या गाडीला द्यायच्या. त्या वर्षी दिवाळीनंतर ट्रक आला, थांबला आणि दादाच्या घरावरून पुढे गेला. त्याची दोन्ही पोरं एप्रिलपर्यंत माझ्या वर्गात होती. पुढच्या वर्षी आईचं आजारपण निघालं, दवाखाना झाला आणि उचल घ्यावीच लागली. भट्टीवरून परत आल्यावर दोनच दिवसांत तो दारात उभा. "खडू आहे का, गुरुजी?"

वहिनी बाहेरचा कूड कितीदाही सारवोत, आतली कोळशाची ओळ त्यांनी कधी पुसलेली नाही. तिच्याभोवतीने हात फिरतो. मीही हल्ली खडू कशाला म्हणून कपाळाला आठ्या घालत नाही. कोणता रंग, एवढंच विचारतो. शाळेच्या खडूंचा हिशोब वरिष्ठांना काय द्यायचा तो मी बघून घेईन.

बारावीत त्याचे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र सुटले आहेत. मराठीत पस्तीस आहेत आणि ते तो नव्वदच्या थाटात सांगतो. इंग्रजी राहिली आहे. रिपीटरचा फॉर्म भरून झाला आहे. ज्यांच्या घरात बारावीचं इंग्रजीचं जुनं गाईड पडून असेल त्यांनी ते वावरच्या एसटीत कंडक्टरकडे द्यावं. भिंतीवर लिहिणाऱ्या दादाला द्या म्हटलं की पुरे. पोचतं.