बैलाला लव आली

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर रेल्वे आणि एक चांदूर बाजार. त्यांच्याकडून रेल्वे गेली म्हणून ते रेल्वे, आमच्याकडे बाजार भरला म्हणून आम्ही बाजार. आता नरखेडची लाईन आमच्याही गावावरून जाते, आणि बाजार तर त्यांच्याकडेही भरतो. पण नावं एकदा सरकारी कागदावर चढली की उतरत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे येणारं पार्सल पुष्कळदा आधी त्या चांदूरचं दर्शन घेतं आणि मग आमच्याकडे यायचं की नाही, याचा विचार करतं. मी मागवलेली ग्लू गन अशीच तीन आठवडे तिकडे पाहुणचार घेत होती. ती आली, तोवर आमचा बैल मेला होता.

घाबरू नका, बैल कागदाचा होता. पण दुःख खरं होतं. ते समजायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी एका कचेरीत आवक-जावक सांभाळत रिटायर झालो. कागद फेकायचा नाही, ही सवय नोकरीनं लावली आणि खिळा फेकायचा नाही, ही वडिलांनी. त्यामुळे घरात माझ्या स्वतःच्या लग्नापासूनच्या सगळ्या पत्रिका, आटलेले पेन, बिनकुलपाच्या किल्ल्या, बंद पडलेल्या घड्याळांचे काटे आणि कशाचे ते आता कोणालाच सांगता येणार नाही असे स्क्रू, इतका ऐवज जमला होता. नोकरीत होतो तोवर बायकोनं सोसलं. रिटायर झालो आणि भंगारात माझीही भर पडली, तेव्हा तिचा संयम सुटला.

"अवो, घर होय का गोडाऊन? कवा फेकसान हे?"

दिवाळीच्या तोंडावर मी पोतं खांद्यावर टाकून निघालो. कोपऱ्यावर टेलर चाचांचं दुकान. तिथं भंगारवाला आधीच उभा होता आणि चाचा त्याच्याशी कातरणीच्या भावावरून हुज्जत घालत होते. माझ्या पोत्यातून लग्नपत्रिका डोकावताना पाहिल्या आणि चाचांनी स्वतःचं भांडण तिथंच सोडलं.

"साहेब, पत्रिका इकून राह्यले का? अन् त्याच्यावरचे गणपती?"

मी गप्प. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात आहे आणि उत्तर कोणाकडेच नाही. लग्न लागतं, पोरं होतात, कधी कधी घटस्फोटही होतो, पण पत्रिकेवरचा गणपती काही फेकवत नाही.

"रद्दीत गेले तं पायाखाली येतीन ना ते," चाचा म्हणाले आणि मशीनवरची कात्री माझ्या हातात दिली. "कापून घ्या बाजूले."

मी स्टुलावर बसलो आणि गणपती कापू लागलो. चाचा पॅंट शिवत होते आणि मधूनमधून "सोंड सांभाळा" म्हणून सूचना देत होते. तेवढ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी पॅंटची कंबर वाढवायला आले. तेही बसले. मग चेन बदलून घ्यायला मावशी आल्या आणि त्या बसल्या त्या बसल्याच. संध्याकाळपर्यंत 63 गणपती कापून झाले, चाचांचं एकही गिऱ्हाईक पुरं झालं नाही आणि आमची दोस्ती झाली. दुसऱ्या दिवशीही आम्ही हजर. चौथ्या दिवशी चाचींनी आतून निरोप पाठवला की दुकान चालवायचं आहे. तेव्हा आमचा मुक्काम माझ्या छपरीत हलला. बायको म्हणाली, "भंगार न्याले सांगतलं होतं, तुमी तं अजून तीन नग घेऊन आले."

त्या गणपतींना मागं लावायला रंगीत कापड हवं होतं, ते चाचांच्या कातरणीत निघालं. कडेला मणी हवे होते, ते मावशींच्या डब्यात निघाले. चिकटवायला खळ हवी होती, ती गुरुजींच्या डोक्यात निघाली. माझ्या पोत्यात काहीच उपयोगाचं नाही, असं सगळ्यांचं मत होतं. पण घड्याळाचा लहान काटा उंदराची शेपटी म्हणून फिट्ट बसला, आणि 33 वर्षांच्या नोकरीत न मिळालेली शाबासकी मला त्या दिवशी मिळाली.

पुण्याहून माझा भाचा आला. त्यानं आमचा पसारा पाहिला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "मामा, तुम्ही मिक्स्ड मीडिया करताय!"

चाचा दचकले. "मीडिया? म्हणजे पेपरवाले? आपल्यात कोण पेपरवाला हाय?"

"लगदा पेपरचाच आहे," गुरुजींनी खुलासा केला.

भाच्यानं मग मोबाईलवर जगातले थोर लोक दाखवले. पिकासो नावाच्या चित्रकारानं 1912 साली चित्रावर वेताच्या खुर्चीचा छाप असलेलं मेणकापड डकवलं आणि चौकट म्हणून चक्क दोर गुंडाळला. तो पाहून बायको म्हणाली, "आपल्या खाटेचं चऱ्हाट यानंच नेलं वाटते." चंदीगडचे नेकचंद मला फार आवडले, कारण तेही सरकारी नोकर. रस्त्यांच्या कामावर देखरेख करता करता फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि विजेचे सॉकेट गोळा करून त्यांनी सरकारी जागेत, कोणाला न सांगता, वर्षानुवर्षं एक आख्खी बाग उभी केली. ते उघडकीला आल्यावर सरकारनं बाग पाडली नाही, उलट त्यांनाच पगार देऊन तिच्यावर नेमलं आणि 1976 साली ती लोकांना खुली केली. विनापरवाना बांधकामावर इतका सुंदर शेरा मी कुठल्याच फायलीत पाहिलेला नाही.

मावशींना मात्र लंडनच्या एका बाई भावल्या. मेरी डेलनी त्यांचं नाव. रंगीत कागदाच्या बारीक बारीक कातरणी एकमेकींवर डकवून त्यांनी हुबेहूब फुलं केली, जवळपास हजार. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे काम सुरू केलं 1772 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

"बहात्तर? मंग मी तं अजून पोट्टीच हावो," मावशी म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नवरा होता का तिले?"

"दुसरा नवरा वारला, त्यानंतर चार वर्षांनी सुरू केलं," भाचा म्हणाला.

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कात्री घेतली आणि हातातली चिंधी नेहमीपेक्षा जरा सावकाश कापली.

गुरुजींना परदेशातले दाखले फारसे मानवत नाहीत. ते म्हणाले, "एवढं लंडन-पॅरिस कशाला? आपले गाडगेबाबा काय होते?" आणि खरंच, आम्हांला सगळ्यांनाच कसं सुचलं नाही? 1876 साली आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस अंगात रंगीबेरंगी चिंध्यांचा अंगरखा घालायचा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि फुटक्या मडक्याचं गाडगं. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू त्यांनी अंगावर वागवल्या आणि त्याच वेषात लोकांची डोकी झाडली. आम्ही नुसते उंदराच्या शेपट्या चिकटवत होतो.

गुरुजींची दुसरी श्रद्धा म्हणजे माधानचे गुलाबराव महाराज. माधान आमच्याच तालुक्यात. तान्हेपणीच दृष्टी गेली, आयुष्य मिळालं चौतीस वर्षांचं, आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथरचना. चाचांना मोतीबिंदूमुळे सुईत दोरा ओवता येईना की गुरुजी महाराजांचा दाखला देत. चाचा ऐकून घेत आणि हात जोडून म्हणत, "गुरुजी, महाराज मोठेच. पण त्यायले दोरा ओवा लागत नोता." मग मावशी मुकाट दोरा ओवून देत.

आणि मग आषाढात आम्हांला बैल सुचला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत तान्हा पोळा करतात. त्यात आपला बैल असावा, असं ठरलं. सांगाडा तुराट्यांचा, सुतळीनं बांधलेला. अंग कागदाच्या लगद्याचं. झूल चाचांच्या कातरणीची. कान म्हणून मावशींनी उटण्यासाठी वाळवलेली संत्र्याची सालं. ती वाळताना अशी वळली होती की खऱ्या बैलानं मागून घ्यावीत. चाकं पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांची. मी स्टॉक रजिस्टर उघडलं आणि प्रत्येक नगाची नोंद घातली.

वाद पेटला तो लगद्यावरून. कागद तीन दिवस भिजवून कुटला, इथवर एकमत होतं. मावशी म्हणाल्या, "मेथी वाटून टाका त्याच्यात. तिचा चिकटा धरते अन् कडू लागते म्हणून किडं-उंदरं तोंड लावत नाई." त्यांच्या घरी सासूनं अशाच लगद्याची केलेली टोपली आहे, आणि तिच्यात अजून पापड ठेवतात. पण गुरुजींनी आयुष्यभर कार्यानुभव शिकवलेला. ते म्हणाले, "मावशी, मैद्याची खळ शास्त्रीय आहे." मावशींनी हात झटकले. "असन बाप्पा."

बैल उभा राहिला. दुरून बैल, जवळून म्हैस आणि मागून आमच्या पतसंस्थेचे माजी अध्यक्ष, असं त्याचं रूप होतं. वर पावसाची झड लागली. आठ दिवस ऊन नाही. नवव्या दिवशी चाचांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हरखून ओरडले, "साहेब, बैलाले लव आली!"

खरंच आली होती. मऊ, पांढरी, दाट. गुरुजींनी चष्मा लावून जवळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ती बुरशी होती. त्याच रात्री उंदरांनी मैद्याचा शास्त्रीय अभ्यास केला. सकाळी छपरीत तुराट्यांचा सांगाडा, दोन संत्र्याचे कान आणि झुलीचा एक कोपरा एवढंच उरलं होतं. दुपारी पोस्टमन ग्लू गन घेऊन आला.

गुरुजी दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो, तर ते अंधारात बसलेले. म्हणाले, "मैद्याचं दुःख नाही हो. इतकी वर्षं पोरांनी केलेल्या वस्तू मी न बघताच 'उत्तम' लिहून ढीग मारला. आज स्वतःची वस्तू मोडली तेव्हा कळलं, एखाद्या पोरानं रात्री जागून केली असेल." यावर काय बोलावं ते आम्हांला कळेना. चाचांनी पिशवीतून पावशेर मेथी काढून त्यांच्यासमोर ठेवली. गुरुजी उठले आणि त्यांनी चप्पल घातली.

दुसऱ्या बैलाला मेथी पडली. माझ्या बायकोच्या मिक्सरमध्ये पडली, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस आमच्या घरची नारळाची चटणीही कडू होती. ऊन नव्हतंच, म्हणून बैल वाळवायला चाचांची कोळशाची इस्त्री आणली. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात खांदशेकणी चालली होती, शेतकरी आपल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकत होते, आणि आमच्या छपरीत चाचा कागदाच्या बैलाच्या खांद्यावर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवत होते. शिंगांना हिंगूळ लागला, बेगड लागली. राहिले डोळे.

माझ्या पोत्यात जोडीची बटणं नव्हती. बायको इतका वेळ दारात उभी होती. ती आत गेली आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढत घेऊन आली. पेटी उघडली आणि आम्ही चौघंही वाकून पाहत राहिलो. पोरांच्या तुटक्या बिंदल्या, गाठवलेल्या मंगळसूत्राचे सुटे मणी, साड्यांचे फॉल, औषधाच्या बाटल्यांचे बूच, दोरे, टिकल्या, उदबत्तीचे रिकामे पुडे. इतकी वर्षं मला गोडाऊन म्हणणाऱ्या बाईचं स्वतःचं, कुलूपबंद, माझ्याहून मोठं गोडाऊन! तळाशी कागदाच्या पुडीत एक तपकिरी बटण होतं. माझ्या लग्नातल्या कोटाचं.

"एकच हाय," ती म्हणाली. "दुसरं तुमी वरातीतच हरवलं."

मी रजिस्टरमध्ये नोंद करायला पेन उघडलं, पण 'कोणाकडून प्राप्त' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तो रकाना कोराच ठेवला.

तान्ह्या पोळ्याला बैल निघाला. उजव्या डोळ्याला कोटाचं बटण, डाव्याला शर्टाचं पांढरं. त्यामुळे तो सबंध गावाकडे डोळा मारत चालला. पहिल्याच वळणावर एका पोट्ट्यानं विचारलं, "आबा, हे डुक्कर होय का?" दुसऱ्या वळणावर एक चाक निघालं. चाचांनी बैल उचलून कडेवर घेतला, गुरुजींनी चाक खिशात टाकलं, मावशी झूल सावरत पुढं, आणि बायको मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "कडू हाय, कोणी चाटू नका."

बैल आता छपरीत आहे. दोन पावसाळे झाले, बुरशी नाही, उंदीर नाही. दर शनिवारी दुपारी आम्ही पाच जण त्याच्यासमोर बसतो. सध्या शकुंतला रेल्वेचं काम हाती आहे. अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटर धावणारी ती गाडी बंद पडली, म्हणून आम्ही दुधाच्या पावडरीच्या डब्यांतून ती परत सुरू करतो आहोत. डबे जमले, रूळ जमले. इंजिनाला शिट्टी नाही, पण मावशींकडे फुटक्या कुकरची आहे.

बैलाचा डावा डोळा तेवढा अजून जुळलेला नाही. तुमच्या घरी पलंगाखाली पेटी असेलच. तिच्यात जुन्या कोटाचं एखादं तपकिरी, चार भोकांचं बटण सापडलं तर फेकू नका, आम्हांला धाडा. स्वतः घेऊन आलात तर चहा मिळेल, आणि हातात कात्रीही. फक्त पत्ता नीट लिहा. चांदूर बाजार. रेल्वे नव्हे.