पिनवाले काका

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मराठी वस्तीत उन्हाळ्याबरोबर जे काका उगवतात, त्यांतले बहुतेक मॉलच्या बाकावर बसून डॉलरचे रुपये करत असतात. पिनवाले काका त्यांतले नव्हेत. भोसरीच्या एमआयडीसीत आयुष्य काढलेला हा गृहस्थ लेकाच्या घरी उतरला की नातवाच्याही आधी गॅरेज बघतो.

तिथे लॉनमोवरचं चाक डगमगताना दिसलं की काकांना जेवण गोड लागतं. आखाच्या टोकाची स्प्लिट पिन गेलेली असते. लगेच लेकाला गाडी काढायला लावून हार्डवेअरचं दुकान! तिथला पोरगा ‘स्प्लिट पिन’ ऐकून उभी चीर असलेली पोलादी नळी आणून देतो. ‘‘ही रोल पिन झाली रे बाळा,’’ काका चक्क मराठीत सांगतात. (यंत्रांना मराठी कळतं, मग माणसांना न कळायला काय झालं, असं त्यांचं मत आहे.) शेवटी पावतीच्या पाठीवर चित्र काढावं लागतं. पोरगा उजळतो, ‘‘ओह, कॉटर पिन!’’

हे मात्र जिव्हारी लागतं. कॉटर म्हणजे पाचर! डिप्लोमाला असताना सॉकेट आणि स्पिगॉटचा कॉटर जॉइंट काढता काढता किती ड्रॉइंग शीटं फाटली! सायकलच्या क्रँकमध्ये हातोडीने ठोकून बसवायची, एक बाजू तासलेली, टोकाला नट, ती कॉटर. आणि ही मंडळी दोन पाय फाकवायच्या तारेला कॉटर म्हणतात? गजन पिनला इथे ‘रिस्ट पिन’ म्हणतात हे कळल्यावर तर काकांनी दुपारचा चहा नाकारला. पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनचा मनगटाशी संबंध काय? ‘‘मग गजनचा तरी कशाशी आहे?’’ लेकाने विचारलं. दोन दिवस अबोला.

कोणी ‘एवढ्याशा पिनेवरून कशाला’ म्हणालं की काका थेट दशरथापाशी जातात. रथाची खीळ निखळली, कैकेयीने तिथे हात घातला, दोन वर मिळाले आणि राम वनवासात गेला. स्टोअरमध्ये जादा खीळ असती तर? काकूंच्या बांगडीतली सेफ्टी पिन मात्र वादातीत. तिचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. काकांच्या हिशेबी अमेरिकेने नाव सरळ ठेवलेली ही एकमेव पिन.

भर जुलैत ते स्नोब्लोअर उघडून बसतात. त्यातल्या शिअर पिनवर त्यांचा फार जीव. बर्फाच्या पात्यात दगड अडकला की ही मुद्दाम कमजोर केलेली पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. ‘‘घरातही एक शिअर पिन लागते,’’ असं म्हणून ते स्वतःच्या छातीवर हात ठेवतात. काकू स्वयंपाकघरातून खोकतात.

हे सगळं खरं असलं, तरी काकांनी हात लावलेलं चाक पुन्हा निखळत नाही. शेजारचे अमेरिकन आजोबाही हल्ली आपली ट्रेलरची कडी त्यांनाच दाखवतात. तुम्हाला पिन हवी असेल तर नावाच्या भानगडीत पडू नका. जुनी खिशात घालून न्या, नाहीतर भोक मोजून जा. आणि दुकानात काका भेटलेच, तर कॉटर हा शब्द तेवढा काढू नका.