फाट्यावर मारलेलं गाव

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून (आताच्या अहिल्यानगरहून) सुटली आणि पुण्याला पोचली. वाटेत कोरेगाव भीमा लागलं. तिथे फाट्याला आत वळलं की चारेक किलोमीटरवर भीमेच्या काठी वढू बुद्रुक. तेव्हा सार्वजनिक वाहतुकीत हा भाग मागासलेला आहे असं कोणी म्हणू नये. अख्ख्या राज्याच्या आधी एसटी पाहण्याचा मान आमच्याकडे आहे. पाहिली म्हणजे जाताना पाहिली. त्या दिवसापासून या बाजूच्या माणसाने गाड्या जाताना पाहायच्या हे ठरून गेलं, आणि पुढच्या सगळ्या सरकारांनी ही परंपरा निष्ठेने जपली.

आता तर पाहायला मान वर करावी लागणार आहे. पुणे ते शिरूर असा ५४ किलोमीटरचा उन्नत मार्ग होणार आहे, खर्च साडेसात हजार कोटींच्या घरात. आधी हे काम दिल्लीच्या महामार्ग प्राधिकरणाकडे होतं, मग ते राज्याच्या पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे आलं. जमिनीवरच्या कोंडीचं काय करायचं हे कोणालाच सुचेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून हवेत जायचं ठरवलं. खाली कंटेनर, वर मोटारी, जमलं तर त्याच्याही वर मेट्रो. वढूच्या म्हातारीला शिक्रापूरच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं असेल, तर तिने यातला कोणता मजला धरायचा, हे सविस्तर प्रकल्प अहवालाच्या पुढच्या खंडात येईल.

मेट्रोचंही असंच. रामवाडीची मेट्रो वाघोलीच्या विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. चांगलंच झालं. आता वढूपासून वाघोलीपर्यंतच्या पंधरा-सोळा किलोमीटरचा प्रश्न उरला. त्याला सादरीकरणात ‘लास्ट माईल’ म्हणतात. पुण्यातले मैल पहिल्यापासून लांबच.

कोणी म्हणेल, नियोजनच नाही. हा सरळसरळ अन्याय आहे. नियोजनाची इथे इतकी रेलचेल आहे की गावात एखादा दिवस असा जात नाही, ज्या दिवशी त्या गावाचं कोणी ना कोणी कुठेतरी नियोजन करत नसेल. जिल्हा नियोजन समिती आहे, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. महानगर नियोजन समिती आहे, ती घटनेनेच सांगितली आहे. २०१५ पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. तिने सहा वर्षं खपून २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा काढला, त्याच्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. दहा वर्षांत नकाशा निघाला, रंगला आणि पुसला गेला. आता पुन्हा नवा. एवढ्या काळात एखाद्याने फाट्यापासून वढूपर्यंत रोज पाटीभर मुरूम टाकला असता, तरी काहीतरी झालं असतं.

आता हरकतींचं खरं सांगतो, राग मानू नका. रस्ता माझ्याच वावरातून का, आरक्षण माझ्याच गटावर का, शेजाऱ्याचा पट्टा पिवळा आणि माझा हिरवा का, यासाठी माणसं गाड्या करून पुण्याला गेली. माझ्या गावातून सकाळी सातला बस का नाही, अशी हरकत आपल्यापैकी कोणी घेतली होती? जमीन आपली असते. बस कोणाचीच नसते.

सगळं पाणी इथे मुरतं. वढूहून निघालेला माणूस कोणाकोणाच्या हद्दीतून जातो ते बघा. गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची. गावाबाहेरचा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा. (त्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं तिचा कारभार प्रशासकानेच हाकला, म्हणजे रस्त्याचा खड्डा दाखवायला सदस्यसुद्धा नव्हता.) प्रमुख जिल्हा मार्ग लागला की सार्वजनिक बांधकाम खातं. नगर रस्त्याला लागलं की महामंडळ. भीमेचा पूल ओलांडला की तालुका शिरूरचा हवेली होतो आणि पोलीसही बदलतात, कारण लोणीकंद ठाणं २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयात गेलं. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला मालक आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला मात्र एवढ्या फौजेत एकही अधिकारी नेमलेला नाही, ज्याच्या टेबलावर ‘हा माणूस कामावर वेळेत पोचला का’ अशी फाईल येते.

त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. साधा हिशेब आहे. डांबराला निधी मिळतो, डिझेलला मिळत नाही. रस्ता केला की ठेकेदार असतो, नारळ असतो, कोनशिला असते, कोनशिलेवर वरून खाली उतरत्या मानाने नावं असतात. बस रोज सकाळी सोडायची म्हणजे रोज पैसे घालायचे, आणि रोज सुटणाऱ्या बसचं रोज भूमिपूजन करता येत नाही. म्हणून खेड्याच्या वाहतुकीचं नियोजन म्हणजे रस्ता. तो एकदा करायचा, उखडला की पुन्हा करायचा. बसने तर कधी उखडायची सोयच ठेवलेली नाही. ती नुसती बंद होते.

बंद कशी होते, तेही पाहिलं आपण. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीत सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात पीएमपीच्या, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बससेवेच्या गाड्या जिल्ह्यात दूरवर धावल्या. लोक म्हणाले, बरं झालं. संप मिटल्यावर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पीएमपीने ग्रामीण भागातले चाळीसेक तोट्यातले मार्ग टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं, कारण तिथे आता एसटी जाईल. एसटी म्हणाली, आमच्याकडे गाड्याच नाहीत. दोघीही आपापल्या जागी बरोबर. पीएमपीची तूट पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते, आणि वढू या दोन्हींत बसत नाही. पुणेकराने शिरूर तालुक्यासाठी कर का भरावा? बिनतोड सवाल आहे. शिरूर तालुक्याने पुणेकराला रोज भाजी, दूध आणि कामगार का पाठवावेत, हा सवाल अजून कोणी विचारलेला नाही, कारण विचारायला पुण्याला जावं लागतं.

आणि सवलती! शाळकरी मुलींना मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने. तो एसटीचा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास, तोही एसटीचा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेही एसटीत. थांब्यावर पीएमपी आली की या तिन्ही योजना खाली उतरतात आणि माणूस वर चढतो. मोफत पास पर्समध्ये आणि पूर्ण तिकिटाचे पैसे हातात, अशी कल्याणकारी राज्याची मूर्ती नगर रस्त्यावर कुठेही पाहायला मिळेल. जानेवारी २०२५ मध्ये एसटीने भाडं १४.९५ टक्के वाढवलं. पंधरा नाही हं. बुटाच्या दुकानातली किंमत कशी नेहमी नव्याण्णव पैशांवर थांबते, तसं. जूनमध्ये पीएमपीनेही वाढवलं आणि पाचचं तिकीट दहाचं झालं.

मग आमची माणसं जातात तरी कशी? वडापने. सहाआसनी रिक्षात दहा, जीपमध्ये चौदा, एक पाय बाहेर, एक हात टपाला. कायद्याने वाटेत थांबत, टप्प्याटप्प्याने माणसं घेण्याचा हक्क एसटीचा, शहरांत पालिकांच्या बसचा. जी गाडी येत नाही ती अधिकृत, आणि जी येते ती अवैध. वडापवाल्याला फाट्यावर ग्रामीण पोलीस अडवतात, पुलापलीकडे शहर पोलीस. दोन्ही पोलीस दलांचा समन्वय असा फक्त त्याच्याच बाबतीत साधलेला आहे. सणसवाडी आणि रांजणगावच्या कंपन्यांच्या बसही दिवसभर धावत असतात, काचा बंद, आत गार हवा. त्यातून वढूचा पोरगा जातो, जर त्याला त्या कंपनीत नोकरी असेल तर. नोकरी शोधायला जायची बस अजून कोणी काढलेली नाही.

सरकारला जमत नाही, असं मात्र म्हणू नका. १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो लोक येतात. त्या दिवशी नगर रस्त्याची वाहतूक वळवली जाते, वाहनतळ आखले जातात, पीएमपीच्या शेकडो बस वाहनतळापासून फेऱ्या मारतात, पाणी असतं, फिरती शौचालयं असतात, डॉक्टर असतात, आणि या सगळ्या खात्यांचे अधिकारी एका नियंत्रण कक्षात बसतात. काम चोख होतं, व्हायलाच हवं. फाल्गुन अमावास्येला संभाजी महाराजांच्या बलिदानाचं स्मरण करायला वढूला गर्दी होते, तेव्हाही यंत्रणा जागी असते. २०२२ च्या अर्थसंकल्पात इथल्या स्मारकासाठी अडीचशे कोटींची घोषणा झाली. स्मारक व्हावं, भव्यच व्हावं. फक्त एवढंच लक्षात येतं, की या गावाला येणाऱ्यांची सोय सरकारला करता येते. अडचण गावातून निघणाऱ्यांची आहे. ती ३६५ दिवसांची आहे, आणि रोज निघणाऱ्याला बंदोबस्त लागत नाही.

स्वित्झर्लंडची गोष्ट सांगतो, कारण आपल्या पुढाऱ्यांना अभ्यास दौऱ्यासाठी तोच देश आवडतो. तिथे वर्षभर शंभर माणसं राहत असलेल्या वस्तीला प्रादेशिक सार्वजनिक वाहतुकीच्या खर्चात सरकारी वाटा मिळायला पात्र धरतात, असा नियम आहे. शंभर. वढूत शंभर माणसं एका लग्नाच्या पंगतीला पहिल्या वाढपाला बसतात. दौऱ्यावरून परत येणाऱ्यांनी चॉकलेटं आणली, घड्याळं आणली, बर्फातले फोटो आणले. हा नियम कस्टमने अडवला असावा.

माझी सूचना अगदी स्वस्त आहे, म्हणून मान्य होणार नाही. उन्नत मार्गाच्या साडेसात हजार कोटींतून एक टक्का बाजूला काढा. पंचाहत्तर कोटी. त्यातून शिरूर आणि हवेलीच्या आतल्या गावांना फाट्यापर्यंत आणि फाट्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत लहान गाड्या चालवा, वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, तूट कोण भरणार ते पुणे, पीएमआरडीए आणि जिल्हा परिषद यांनी एका खोलीत बसून ठरवा, आणि ठरेपर्यंत खोलीचं दार बाहेरून लावा. गाडीवर कोणाचा फोटो हवा असेल तर लावा. मागच्या काचेवर लावलात तरी आमची हरकत नाही.

पीएमआरडीएचा नवा आराखडा कधीतरी येईल. तो आला की हरकतींसाठी मुदत मिळेल, साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही. त्या वेळी आपल्या गटाचा रंग बघून झाला की, वाचकहो, त्याच अर्जाच्या खाली आणखी एक ओळ लिहा: गावातून सकाळी सातला फाट्यापर्यंत बस हवी आणि रात्री नऊला परतीची हवी. सही करा, पोच घ्या, पोच जपून ठेवा. शिरूर आणि हवेलीच्या प्रत्येक गावाने ही एकच ओळ लिहिली, तर निदान पुढच्या सुनावणीला सगळ्यांना एका गाडीने जाता येईल का, एवढा प्रश्न तरी इतिवृत्तात नोंदवावा लागेल.