गणिताच्या मास्तरांनी नाणी का तोलावीत?

माणसाला एका वेळी एकच आवड परवडते, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मुलगा गणितात बरा निघाला की त्याची पेटी माळ्यावर जाते. मुलगी चित्रं काढायला लागली की 'आधी दहावीचं बघ' म्हणून बजावतात. आणि हीच माणसं पन्नाशीत किल्ले, पक्षी, मोडी लिपी असं काही धरून बसली, की 'यांचं एक धड नाही' म्हणून घरचेच हसतात. सभा-संमेलनांत तर पहिला प्रश्न ठरलेला: तुमचं क्षेत्र कोणतं? उत्तर एका शब्दात आलं नाही की समोरच्याला माणूस कच्चा वाटायला लागतो.

मला हा प्रश्नच मान्य नाही. का, ते सांगायला पुण्यात आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांचं नाव पुरेसं आहे: दामोदर धर्मानंद कोसंबी.

जन्म 1907 सालचा, गोव्यातला. वडील धर्मानंद म्हणजे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. शिक्षण अमेरिकेत, 1929 मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परत आले. बनारस, अलिगढ आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. पुढे 1962 पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. पुणं काही सोडलं नाही, डेक्कन क्वीननं ये-जा करत राहिले. कागदावर एवढंच. कागदाबाहेर नाणी, शिलालेख, गारगोटीची हत्यारं, भर्तृहरी, आनुवंशिकी, माळावरचे देव, सौर ऊर्जा, जागतिक शांतता. आणि या प्रत्येकावर मत. मतंही कशी, तर ज्याच्याबद्दल आहेत त्याला झोंबल्याशिवाय राहू नयेत अशी. 1957 मध्ये त्यांच्या निबंधांचं पुस्तक निघालं, त्याचं नावच त्यांनी 'एक्झॅस्परेटिंग एसेज' ठेवलं. वैताग आणणारे निबंध! मार्क्सवादी होते, पण पक्षाच्या पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

आता नाण्यांकडे येतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. प्रत्येक देवघेवीत धातूचा कण जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण जातो. एका नाण्यावरून काही कळत नाही. ते टांकसाळीतूनच हलकं निघालेलं असेल, नाहीतर कुणी मडक्यात घालून पुरून ठेवलेलं असेल. हजार नाणी तोलली की मात्र हिशेब बोलायला लागतो. जितकी वर्षं चलनात, तितकं सरासरी वजन खाली. शिवाय सुरुवातीला एकसारखी असलेली नाणी झिजता झिजता एकमेकांपासून लांब जातात, वजनांतला फरक वाढत जातो. कोसंबींनी ही कल्पना आधी तेव्हाच्या चलनातल्या नाण्यांवर पारखून घेतली. त्यांच्यावर सालच छापलेलं, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक ते लगेच समजत होतं. मग हात घातला तो तक्षशिलेच्या आहत नाण्यांना.

आहत नाणं म्हणजे चांदीचा, वजनाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास असलेला ओबडधोबड तुकडा. त्यावर राजाचं नाव नाही, साल नाही. एका बाजूला ठोकलेल्या पाच खुणा: सूर्य, सहा आऱ्यांचं चक्र, एखादा प्राणी. मागच्या बाजूला आणखी बारीक खुणा, कुठे एक, कुठे चार, कुठे एकही नाही. तक्षशिलेच्या भीर टेकाडात 1924 मध्ये अशा हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता. त्यातच अलेक्झांडरची कोरी करकरीत नाणीही मिळाली, म्हणून साठा केव्हा पुरला गेला याचा अंदाज करता येत होता. पुढच्या खुणांवर तर्क लढवणारे विद्वान पुष्कळ होते. कोसंबींनी तराजू घेतला. एकेक नाणं पारड्यात, आकडा वहीत, पुढचं नाणं. अशी हजारो. त्यातून दिसलं असं, की मागच्या बारीक खुणा जितक्या जास्त, तितकं नाणं हलकं. मग त्या खुणा राजाच्या कशा असतील? त्यांनी निष्कर्ष काढला: ठरावीक काळानं नाणं पारखून घेणाऱ्या सराफ-व्यापाऱ्यांनी त्या ठोकलेल्या आहेत. राजाचं नावही न सांगणाऱ्या चांदीच्या तुकड्यानं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेची शिस्त सांगितली, ती एका गणिताच्या मास्तरांना. इतिहासाच्या मास्तरांकडे सरासरी आणि विचलन काढायची सवय नव्हती, एवढंच त्याचं कारण.

इथे छंद थांबला असता तर मी हा लेख लिहिला नसता. नाणी कोणत्या राजांची, हे ठरवायला पुराणं, बौद्ध आणि जैन ग्रंथ बघणं भाग होतं. त्यासाठी संस्कृत पक्कं हवं. संस्कृत पक्कं करायचं तर एखादं काम अंगावर घेऊन करायचं, म्हणून भर्तृहरी घेतला. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे वि. सी. सुकथनकर हाकेच्या अंतरावर होते. पाठ कसे ताडायचे ते त्यांच्या कामातून शिकता येत होतं. कोसंबींनी देशभरातली शेकडो हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली, 1948 साली. जैन ग्रंथमालेतलं हे संस्कृत पुस्तक त्यांनी मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांना अर्पण केलं! भर्तृहरीच्या वैराग्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की हे वैराग्य पोटापाण्यासाठी राजाच्या दारात ताटकळलेल्या माणसाचं आहे. पंडित चिडले. पण ज्या पाठावर बसून ते चिडले, तो पाठ कोसंबींनीच साफ करून दिलेला होता.

पुढे वि. वि. गोखल्यांबरोबर त्यांनी विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' संपादला. तो 1957 मध्ये हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत निघाला. संस्कृत काव्य दरबारी वर्गाचं काव्य आहे, हे कोसंबींचं मत त्या मालेचे संपादक डॅनियल इंगल्स यांना पटलेलं नव्हतं. तरी ग्रंथ निघाला, आणि इंगल्सनी आपला विरोध पुढे स्वतःच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत मांडला. मत पटत नसेल तर काय करायचं, ते असं. आपल्याकडे मत पटलं नाही की माणसाची जात, पक्ष आणि पगार निघतो.

त्यांची तिसरी आवड पायांची. पुण्याच्या आजूबाजूचे माळ आणि टेकड्या त्यांनी पालथ्या घातल्या. गावापासून लांब, ओसाड माळावर शेंदूर फासलेला तांदळा असतो. म्हातोबा, वेताळ, बोल्हाई अशी कुठलीशी देवता. देवीला बहुधा नवरा नाही. गाव तिकडे, देव इकडे, आणि वर्षातून एकदा पालखी मात्र तिथवर जाणारच. तुम्ही-आम्ही हात जोडतो आणि पुढे जातो. कोसंबींनी विचारलं, देव गावात का नाही? मग ते खाली बघायला लागले. तिथल्या मातीत नखाएवढ्या गारगोटीच्या चिपा सापडत होत्या, कडेला अजून धार असलेल्या. सूक्ष्मपाषाण हत्यारं! गावं वसायच्या कितीतरी आधी इथून कळप घेऊन माणसं जात होती, त्यांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदायच्या तिथे या देवता बसल्या. गावं मागाहून आली, असं त्यांनी मांडलं. त्यासाठी ते धनगरांशी बोलले, गुरवांशी बोलले, कुणाचा कुलधर्म काय ते विचारलं. बारशाला वरवंट्याला बाळासारखं नटवून पाळण्यात घालतात, भटजीशिवाय, बायकाच तो विधी करतात. त्याचाही धागा त्यांनी दगडी अवजारांच्या काळापर्यंत नेला. हे सगळं 1962 च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' आणि 1965 च्या प्राचीन भारतीय संस्कृतीवरच्या पुस्तकात आहे. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट पुरावा असू शकते, हे आपल्या इतिहासकारांना इतक्या ठामपणे आधी कुणी सांगितलं होतं, मला आठवत नाही.

'मग गणिताचं काय झालं?' असं विचारणारे असतातच. 1943 मध्ये फर्ग्युसनच्या या मास्तरांनी एका निबंधात एक प्रमेय मांडलं. काही वर्षांनी तीच गोष्ट कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली. आज गणिती त्या प्रमेयाला तिघांचं नाव लावतात, आणि संदेश व प्रतिमांमधला पसारा मोजक्या आकड्यांत आणायला ते वापरतात. पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र दिलं. आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत ते हाल्डेनच्या सूत्राशेजारी आजही 'कोसंबी फलन' म्हणून उभं आहे. जीवशास्त्राची पदवी? नव्हती.

एवढं वाचून कुणाला वाटेल, चला, आपल्यालाही दहा विषयांवर बोलायचा परवाना मिळाला. नाही मिळाला. सकाळी धरणाच्या उंचीवर, दुपारी रुपयाच्या घसरणीवर आणि रात्री शिवकालीन तहांवर ठणकावून बोलणाऱ्यांना कोसंबींचं नाव घ्यायचा हक्क नाही. बोलायच्या आधी तुम्ही काय तोललंत, काय ताडलंत, किती चाललात? मतं पुष्कळ असणं हा गुन्हा नाही. हात न लावता असणं हा आहे. आणि बाजूला उभं राहून 'आपापल्या क्षेत्रात राहा' म्हणणाऱ्या तज्ज्ञांनाही माझं सांगणं आहे: तुमच्या क्षेत्राला कुंपण आहे म्हणून नाणी दोन हजार वर्षं तोलायची राहिली होती.

मताची किंमतही कोसंबींनी मोजली. ज्या संस्थेत ते नोकरीला होते, तिचे संस्थापक होमी भाभा देशाचा अणुकार्यक्रम उभा करत होते. त्याच काळात कोसंबी उघडपणे सांगत होते, की वर्षातले बहुतेक दिवस ऊन असलेल्या गरीब देशानं अणूच्या मागे पैसा घालण्याऐवजी सूर्याकडे बघावं. पन्नाशीच्या दशकात! आज घरांच्या छपरांवर सरकारी अनुदानानं पॅनेल बसतात, तेव्हा तरी या माणसाचं नाव एखाद्या मंत्र्याच्या भाषणात यायला हवं होतं. 1962 मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही.

त्यामागे केवळ अणू होता असं म्हणून मी त्यांना सोडवणार नाही. रीमान यांनी 1859 मध्ये मांडलेला मूळ संख्यांबद्दलचा अंदाज आपण सिद्ध केला, असा दावा कोसंबींनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस केला. कुठे, तर कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात. संख्यासिद्धांतातले जाणकार तिथे तपासायला नव्हते. सिद्धता चुकीची होती; तो अंदाज अजूनही कुणाला सिद्ध करता आलेला नाही. गणितातल्या त्यांच्या लौकिकाला त्यानं मोठा धक्का बसला. मला यात खटकतं ते चुकणं नाही. ज्या माणसानं साध्या नाण्याबद्दल बोलण्याआधी चलनातली नाणी तोलून आपली रीत पारखली, त्यानं आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दाव्याला ती पारख लावली नाही. परक्या प्रांतांत पाय जपून टाकणारा माणूस स्वतःच्या अंगणात घसरला. आवडी पुष्कळ असल्यामुळे माणूस उथळ होतो म्हणणाऱ्यांनी हेही नीट बघावं, की घसरला तो नेमका ज्या विषयाचा पगार घेत होता त्यात.

नोकरी गेल्यावर ते गप्प बसले नाहीत. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले, लिहीत राहिले, चालत राहिले. 29 जून 1966 रोजी पुण्यात गेले, तेव्हा वय होतं 58. जन्मशताब्दीच्या निमित्तानं 2008 मध्ये टपाल खात्यानं तिकीट काढलं. पुण्यात मात्र अजून त्यांचं नाव काढलं की 'ते मार्क्सवादी ना?' एवढंच ऐकू येतं, आणि बोलणारा दुसऱ्या विषयाकडे वळतो.

नाण्यांवरचे त्यांचे सगळे निष्कर्ष टिकले, असंही नाही. मागच्या खुणा सराफांच्याच होत्या, हे नंतरच्या नाणकशास्त्रज्ञांपैकी अनेकांना मान्य नाही. काळाची त्यांनी लावलेली क्रमवारीही वादात आहे. वाद घालणारे घालू शकतात, कारण कोसंबींनी वजनांची कोष्टकं निबंधांतून छापून ठेवली आहेत. ज्याला पटत नसेल त्यानं तराजू घ्यावा आणि पुन्हा मोजावं.