अडवलेली सत्ती

तीन पत्तीला जुगार म्हणून नावं ठेवतात. रमीला सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली कौशल्याचा खेळ ठरवून इज्जत दिली. ब्रिजवाले तर स्वतःच जाऊन बुद्धिबळाच्या पंगतीत बसले. बदाम सातच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. हा पोराटोरांचा, एकादशीच्या दुपारचा खेळ. पैसे नाहीत, हुकूम नाही, भिडूही नाही. बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्यानं ती खाली ठेवायची. मग तिच्या एका अंगाला अठ्ठी, नव्वी करत राजापर्यंत चढायचं, दुसऱ्या अंगाला छक्की, पंजी करत एक्क्यापर्यंत उतरायचं. बाकीचे तीन रंगही असेच आपापल्या सत्तीपासून. सातच का, तर तेरा पत्त्यांत बरोबर मधोमध तीच बसते. वर सहा, खाली सहा. आकडे ओळखू लागलेलं पोरगंही चहा उकळेपर्यंत शिकतं.

पण माणसाचं पाणी जोखायला याच्याइतका पाताळयंत्री खेळ दुसरा नाही. इथं सरशी होते ती दाबून बसणाऱ्याची. लागणारा पत्ता असेल तर टाकलाच पाहिजे, पास म्हणता येत नाही, हा नियम खरा. पण हातात दुसरं काही टाकण्याजोगं असलं, की किल्वरची सत्ती आणखी एक फेरी पोटात ठेवता येते. मग सगळ्या घराचे किल्वर तुंबतात आणि सत्तीवाला पंख्याकडे बघत बसतो.

हे कर्जतकराला समजावून सांगावं लागत नाही. (लोकलचं आणि वडापावचं ते कर्जत निराळं. हे नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं; रेहेकुरीच्या काळविटांचं आणि गोदड महाराजांचं.) कुकडीचा डावा कालवा येडगाव धरणातून निघतो, जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा करत आमच्या तालुक्यात येतो आणि पुढं करमाळ्याकडे जातो. आवर्तन सुटल्याची बातमी आधी पोचते, पाणी मागाहून. वरच्यांनी किती अडवलं, टेलला किती आलं, ‘टेल टू हेड’ भिजवायचं ठरलं होतं त्याचं काय झालं, ही चर्चा इथं टपरीवर बारमाही चालते. आणि हीच मंडळी घरी येऊन पत्ते हातात घेतात तेव्हा एकजात वरच्या तालुक्यातली होतात.

आमच्या थोरल्या आत्याचंच बघा. आषाढातल्या कामिका एकादशीला गोदड महाराजांचा रथ निघतो, तेव्हा पाहुण्यांनी घर भरतं. भगर-आमटी झाली, बायकांची आवराआवर झाली, की सतरंजी पसरते. आत्या एरवी इतकी मायाळू, की दारात आलेल्या कुत्र्यालाही चतकोर भाकरी टाकल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पत्ते हातात आले की तिचा चेहरा सावकाराचा होतो.

“आत्या, चौकटची सत्ती तुझ्याकडंच हाय. टाक की गं!”

“माझ्याकडं? मला कुठलं आलंय बाबा एवढं नशीब,” असं म्हणत ती पत्ते पदराआड नेते आणि बदामाची दुर्री टाकते. दुर्रीखाली एक्का लागतो, तोही तिच्याच हातात. म्हणजे पुढच्या फेरीचीही सोय झाली. इकडे धाकट्या भाच्याच्या हातात चौकटचा राजा, राणी, गुलाम धरून धरून घामेजलेले. आमच्याकडे डाव संपल्यावर उरलेल्या पत्त्यांचे आकडे मोजतात; राजाचे तेरा, राणीचे बारा, गुलामाचे अकरा. पोराला छत्तीसचा भुर्दंड, आणि वर आत्याच त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणते, “मोठी पानं धरून ठेवू नये रे सोन्या.”

आमचा कॅटही तिच्या बाजूचा आहे. इस्पिकची तिर्री कधीच हरवली. तिच्या जागी जोकर आहे, त्यावर बॉलपेननं ‘इ ३’ लिहिलंय आणि त्याची पाठ बाकीच्यांहून कोरी करकरीत. ती कुणाकडे आहे हे सगळ्यांना लांबूनच दिसतं, अपवाद फक्त ज्याच्या हातात ती असते त्याचा; तो बिचारा ती लपवत असतो.

पिसण्याचं एक गणित आहे. बायर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं, की कॅटचे दोन भाग करून ते फर्रकन एकमेकांत मिसळायचे, तर सात वेळा पिसल्यावर पत्ते पुरेसे विस्कटतात. इथंही सातच! आपल्याकडे मात्र वरचे काढून खाली घालण्याची रीत, तीही गप्पा मारत, आणि ती फारच संथ. त्यात बदाम सातचा डाव संपून हातात उरलेले पत्तेही जागच्या जागी लावले, की चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत शिस्तीत मांडलेले असतात. ते तसेच गोळा करून, न पिसता, चौघांत एकेक वाटून पाहा. चारही सत्त्या चौघांना एकेक येतात. मधून काटलं तरी फरक पडत नाही. अख्ख्या नगर-नाशिकला भांडायला लावणारं समन्यायी वाटप ते हेच, आणि त्याला आळसापलीकडे काही लागत नाही.

गर्दी झाली की दोन कॅट एकत्र करतात. आठजण, प्रत्येकाला तेरा पत्ते, सत्त्या आठ. मग बदामाची दुसरी सत्ती पहिलीवरच ठेवायची की तिची निराळी ओळ लावायची, यावर दोन घराण्यांत मतभेद आहेत. सोयरीक जुळवताना हेही विचारून घ्यावं असं माझं मत आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग आणि १२० गोल पत्ते असतात. ते अजून आमच्या आत्याला कुणी दाखवलेले नाहीत, हे बरंच आहे.

भाच्यानं मात्र गणित ऐकून हट्टच धरला, की एक डाव न पिसता खेळायचा. चौघं बसलो. प्रत्येकाला एकेक सत्ती, एकाचा पत्ता पडला की पुढचा शेजाऱ्याच्या हातात तयार. सगळं सुरळीत वाहत गेलं. कुणी पास म्हणालं नाही, कुणी कुणाच्या पत्त्यात डोकावलं नाही, चहा निवायच्या आत डाव संपला. आत्यानं न बोलता सगळे पत्ते ओढून घेतले, सतरंजीवर उलटे पसरले, भाकरीचं पीठ मळावं तसे दोन्ही हातांनी कालवले आणि पुन्हा वाटले.

पहिल्याच फेरीला ती म्हणाली, “पास.”