रा. रा. लेटसाहेबांना, लोणंद स्टेशनातून

रा. रा. लेटसाहेब यांसी,
फलटणकराचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

हे पत्र लोणंद स्टेशनातल्या सिमेंटच्या बाकावर बसून लिहितो आहे. आपल्या कृपेने वेळ भरपूर आहे.

फलटणवर आपली माया जुनी. लोणंद–फलटण–बारामती रेल्वेला मंजुरी मिळाली नव्वदच्या दशकात. लोणंदहून फलटण २६ किलोमीटर. माउलींची पालखी तरडगावला मुक्काम करून हे अंतर दोन दिवसांत चालते. रेल्वेला आपण वीस वर्षांहून जास्त काळ वाटेत थांबवून ठेवलंत. सप्टेंबर २०१९ मध्ये फलटणला प्रवासी गाडी आली, ३० मार्च २०२१ ला थेट पुण्याची डेमू. फलटण ते बारामती अजून आपल्याच पदरी आहे. ते लेकरू तेवढं सांभाळा.

पुणे–मिरज मार्ग एकेरी होता तेव्हा आपला थाट काही औरच! 'क्रॉसिंग लागलंय' एवढं कुणी म्हणालं की अख्खा डबा खाली उतरून पाय मोकळे करायचा. मग २८० किलोमीटरचं दुहेरीकरण हाती घेतलं गेलं. वाटलं, आता आपली भेट होणार नाही. पण आपण ब्लॉक म्हणून आलात, सिग्नल म्हणून आलात, आउटरला उभे राहिलात. इतकी निष्ठा सख्खे भाऊसुद्धा दाखवत नाहीत.

गेल्या महिन्यात वडिलांना, आमच्या अण्णांना, पुण्याला डॉक्टरांना दाखवायला निघालो होतो. फलटणहून एसटीने लोणंद, पुढे एक्सप्रेस. ओपीडीत अकराचा नंबर. मोबाईलवर आधी ३५ मिनिटं उशीर दिसला, मग ५०, मग सव्वा तास, शेवटी दोन तास. आपण वाईट बातमी कधी एकदम सांगत नाही, किती हे कोवळं मन! पहिल्यांदाच 'दोन तास' म्हणाला असता तर आम्ही पुण्याची एसटी धरली असती आणि आपला सहवास हुकला असता.

अण्णांनी भाकरीचा डबा उघडला नाही. 'गाडीत बसल्यावर खाऊ,' म्हणाले. भोंगा खरखरला की एक्स-रेचा लिफाफा छातीशी धरून उठायचे, गाडी दुसरीच असायची, पुन्हा बसायचे. चार वेळा उठले. दाखवायचे होते ते गुडघेच.

ओपीडी बंद झाल्यावर पोचलो. तारीख पुढची मिळाली.

आपल्या हिशेबाचं कौतुक तर किती करावं! कॅगचा एक अहवाल २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात नोंद आहे की गाडीचा वक्तशीरपणा रेल्वे फक्त तिच्या शेवटच्या स्टेशनात मोजते. त्या स्टेशनाआधी वेळापत्रकात राखीव मिनिटं पेरलेली असतात. लोणंदला गमावलेला वेळ तिथं भरून निघाला की गाडी कागदावर वेळेवर. म्हणजे अण्णा चार वेळा उठले, ते कुठल्याच वहीत नाही. मधल्या स्टेशनातल्या माणसाचा उशीर हा उशीरच नव्हे. हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आपण शिकवलंत. आभारी आहे.

नियमांतही आपला दिलदारपणा दिसतो. रिझर्वेशनची गाडी चढायच्या स्टेशनात तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि प्रवास केला नाही, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे परत मिळतात. आपण पावणेतीन तासांवर थबकता. रेल्वेच्या तिजोरीची काळजी वाहावी तर आपणच.

आपली कीर्ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. २०१६ साली जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांची भरपाई कायम केली : टॅक्सीचे १५ हजार, बुकिंगचे १० हजार, मनस्तापाचे आणि दाव्याच्या खर्चाचे ५–५ हजार. उशिराचं पटण्याजोगं कारण देता आलं नाही तर जबाबदारी रेल्वेची, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. पण विमान चुकल्याची पावती असते. चुकलेल्या ओपीडीची पावती कोण देतं?

तेव्हा साहेब, आता पाहुणचार पुरे. आमची मागणी लहान आहे. दोन तास लागणार असतील तर पहिल्याच घोषणेत दोन तास सांगा. आणि लोणंदला झालेला उशीर लोणंदच्या नावावर मांडा.

वाचकहो, आपली गाडी आपल्या स्टेशनात खरोखर किती वाजता आली, ते तारखेसह लिहून ठेवत चला. तक्रार करताना तोच पुरावा असतो.

कळावे, लोभ नसावा.
आपला,
बाकावरचा एक फलटणकर

ता. क. अण्णांची पुढची तारीख मंगळवारची आहे. आम्ही एसटीने जाणार आहोत.