सविनय सादर : नवशिक्या कारकुनासाठी मार्गदर्शिका

विषय : कार्यालयीन कामकाज शिकून पोटापाण्याला लागणेबाबत.
संदर्भ : शेजारच्या काकूंचं तोंडी स्मरणपत्र, 'अजून घरीच का रे?'

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, बारावीनंतर पुढं काय, या प्रश्नाला धाराशिव जिल्ह्यात तीन उत्तरं असतात : पोलीस भरती, पुणे आणि 'बघू'. तिसरं उत्तर ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ती वाचून नोकरी लागेल असा दावा नाही. नोकरी लागलेल्यांनीही ती चोरून वाचायला हरकत नाही. त्यांनाही कुणी काही शिकवलेलं नसतं.

लागणारं साहित्य : टंकलेखनाची प्रमाणपत्रं (मराठी मिनिटाला 30 शब्द, इंग्रजी 40), एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, आधार, रहिवासी दाखला, टीसी, या सगळ्यांच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स आणि दोन पेन. एक पेन साहेबांच्या केबिनपर्यंत जातं आणि तिथंच रुजू होतं. दुसरं खिशात दिसू देऊ नये.

पायरी पहिली : बोटं तयार करणे

तालुक्याच्या आयटीआयत 'कोपा' नावाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, दहावीवर मिळतो. त्यात वर्ड, एक्सेल आणि थोडं प्रोग्रामिंग शिकवतात. प्रोग्रामिंग पुढं कार्यालयात कुणी विचारत नाही. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता कसा काढायचा, हे रोज विचारतात आणि ते अभ्यासक्रमात नाही.

टायपिंगचा क्लास चुकवू नका. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. जुन्या मशिनवरची परीक्षा जाऊन आता संगणकावरची आली, त्यामुळं बोटांना पूर्वीसारखे घट्टे पडत नाहीत. घट्टे आता फॉन्टमुळं पडतात. तुम्ही युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट शिकून जाल. टेबलावरचे भाऊसाहेब रेमिंग्टनच्या सवयीनं कृतिदेवमध्ये टाईप करत असतील. त्यांच्या पेनड्राइव्हमधलं पत्र तुमच्या संगणकावर उघडलं की 'महोदय' च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. घाबरू नये. फॉन्ट बदलून मजकूर मराठीत आणावा आणि तो कसा आणला हे कुणालाही सांगू नये. पुढचे सहा महिने कार्यालयातलं तुमचं सगळं महत्त्व याच एका विद्येवर उभं राहणार आहे.

पायरी दुसरी : रुजू होणे

कायम जागा निघेपर्यंत दार उघडं आहे ते प्रशिक्षणार्थ्यांचं. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. वय 18 ते 35. विद्यावेतन बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीला 10,000. मुदत आधी सहा महिने होती, मग ती अकरा झाली. घरी 'नोकरी लागली' असं सांगू नये. आई आधी तुळजापूरला नवस फेडायला जाते आणि मग मुली बघायला लागते. अकरा महिन्यांत दोन्ही गोष्टी उरकत नाहीत.

कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हापासूनची. तुमची एसटी साडेनऊला पोचते किंवा साडेदहाला. मधली गाडी नाही. साडेनऊचीच धरावी. त्या वेळी कार्यालयात फक्त शिपाई असतो, आणि तुम्हाला भेटायचंय ते त्यालाच.

त्याला 'मामा' म्हणावं. नाव घेऊन हाक मारू नये, 'ए' तर अजिबात नाही. साहेब तीन वर्षांत बदलून जातात, भाऊसाहेब टेबल बदलतात, मामा मात्र जिथल्या तिथं. कोणतं कपाट कोणत्या किल्लीनं उघडतं, कोणती किल्ली हरवलीय आणि ती हरवलेलीच बरी का आहे, हे तेच सांगतील. पहिल्या दिवशी खुर्ची मागू नये. खुर्ची रजेवर गेलेल्याची मिळते. कोण कधी रजेवर जाणार, हेही मामांनाच ठाऊक.

पायरी तिसरी : बारनिशी

आयटीआयत न शिकवलेला खरा विषय हा आहे. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी बारनिशीत जातो. आवक नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो, तारीख पडते, कुणाचा, कशाबद्दल, कोणत्या टेबलाला हे लिहिलं जातं आणि टेबलवाल्याची सही घेतली जाते. क्रमांक पडला की कागद जन्मला. त्याआधी तो नुसता माणसाच्या हातातला कागद असतो, आणि हातातल्या कागदाला कार्यालय ओळख देत नाही.

खिडकीत एक म्हातारबाबा उभे राहतील. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला अर्ज असेल. 'लेकरा, दोनदा दिलाय बघ. साहेब म्हनले हुईल.' अशा वेळी योजनेची माहिती देत बसू नये. एकच प्रश्न विचारावा : 'बाबा, पोच घेतली का? शिक्क्याची?' पोच नसेल तर अर्ज नव्यानं लिहून घ्यावा, आवक करावा, क्रमांक टाकलेली दुसरी प्रत त्यांच्या पिशवीत ठेवावी. पाच मिनिटांचं काम आहे. हे करताना भाऊसाहेबांकडं बघू नये, ते तुमच्याकडंच बघत असतील. पोच दिलेला कागद पुढं 'आलाच नाही' असं म्हणता येत नाही, आणि ही सोय तुम्ही नुकतीच बंद केलेली असते.

सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमकडं शिवारात आणि घरांत पाणी शिरलं, तेव्हा पंचनाम्यांच्या याद्या अशाच कुणीतरी रात्री बसून भरल्या. गट नंबर, क्षेत्र, पीक, आधार, बँक खातं. नंतर प्रत्येक शेतकऱ्याचा विशिष्ट क्रमांक निघतो, मग त्याची ई-केवायसी, मग पैसे. खात्याच्या आकड्यात 6 च्या जागी 9 पडला तर माणूस पुढचे तीन-चार महिने हेलपाटे घालतो, आणि चूक कुणाची हे त्याला कधीच कळत नाही. मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा घेतली जाते. आकडा वाचून दाखवून पडताळायची परीक्षा कुणी घेत नाही. ती तुम्हीच घ्यावी. दोघांनी बसावं : एकानं मूळ कागदावरून मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवावं. या मार्गदर्शिकेतली थट्टा न केलेली सूचना हीच.

पायरी चौथी

तिसरी पायरी मंजूर होऊन आल्यानंतर चौथीचा स्वतंत्र प्रस्ताव सादर करण्यात येईल.

पायरी पाचवी : टिपणी

टिपणीत 'मी' नसतो. 'मला वाटतं' असं लिहिणारा माणूस त्या टेबलावर टिकत नाही. वाटायचं असेल तर 'असे दिसून येते' असं वाटून घ्यावं. नकार द्यायचा असेल तर 'तूर्तास शक्य होईल असे वाटत नाही, तथापि निर्णयार्थ सादर'. होकार द्यायचा असेल तर 'मान्यता असल्यास पुढील कार्यवाही करता येईल'. म्हणजे झालं तर साहेबांमुळं, अडलं तर नियमामुळं. शेवटी सही करताना तारीख टाकायला विसरू नये. चौकशी लागली की पहिली बघतात ती तारीख.

तारखेला महत्त्व आहे, कारण कायदा आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा राज्याचा अधिनियम सांगतो, की कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. या नियमाचं पालन कसोशीनं होतं. सातव्या दिवशी फाईल 'अभिप्रायार्थ' शेजारच्या टेबलावर जाते, तिथून सातव्या दिवशी 'त्रुटीपूर्ततेसाठी' परत येते. दोन टेबलांमधलं अंतर चार फूट. फाईल एका जागी पडून राहिली, असं कुणाच्या बापाला सिद्ध करता येत नाही.

पायरी सहावी : सहा गठ्ठे

टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे असतात : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. पद्धत जुनी आणि शहाणी आहे. भूमला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात 1980 च्या दशकात अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी टेबलं, कपाटं, जुने कागद सगळं लावून दाखवलं, मागितलेला कागद लगेच हातात येईल असं केलं. 'लखिना पॅटर्न' बघायला लोक लांबून यायचे. आजही तपासणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक कार्यालयात त्यांचं नाव निघतं. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी निघत नाही.

प्रत्यक्षात तुम्हाला सातवा गठ्ठा भेटेल, खिडकीच्या कट्ट्यावरचा. त्याला नाव नाही. 'हे कशाचे?' असं विचारलं तर ते तुमचे होतात.

अभिलेख कक्षात जायची संधी मात्र सोडू नका, धुळीनं शिंका आल्या तरी चालेल. आपला जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळं तिथल्या जुन्या बस्त्यांत उर्दू आहे, मोडी आहे, कडेला कुणीतरी शाईनं केलेले हिशेब आहेत. वर्षानुवर्षं त्याकडं कुणी फिरकत नव्हतं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती आली, कुणबी नोंदी शोधायची आज्ञा सुटली आणि मोडी वाचता येणारा माणूस एकाएकी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसून चहा पिऊ लागला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका कारकुनानं पोटजात नीट लिहिली की नाही, यावर त्याच्या गावकऱ्यांच्या पणतू-खापरपणतूंचा कुणबी दाखला ठरत होता. त्या कारकुनाला विद्यावेतन काय होतं, याची नोंद बस्त्यात शोधून पाहावी.

पायरी सातवी : जिल्ह्याचं नाव

सप्टेंबर 2023 पासून जिल्हा अधिकृतपणे धाराशिव आहे. तुमच्या टीसीवर उस्मानाबाद, आधारवर बहुधा उस्मानाबाद, नव्या शिक्क्यावर धाराशिव, आणि दिल्लीच्या एखाद्या पोर्टलवरच्या यादीत जे असेल ते. यादीत 'ध' खाली सापडलं नाही तर 'उ' खाली बघावं. तिथंही नाही सापडलं तर जिल्हा हरवल्याची तक्रार करू नये. ती करण्यासाठीही आधी जिल्हा निवडावा लागतो.

पायरी आठवी : कार्यमुक्त होणे

अकरावा महिना संपत आला की कार्यालयाला तुमची किंमत कळते. ई-ऑफिसचा पासवर्ड तुम्हालाच पाठ असतो, प्रिंटर तुमच्याच हाताचं ऐकतो, भाऊसाहेब 'आता आमचं कसं रं?' म्हणतात. या भावनेच्या भरात प्रमाणपत्र मागायचं राहून जातं. ते मागावं. रीत अशी : साध्या कागदावर अर्ज लिहावा. तो बारनिशीत द्यावा, म्हणजे स्वतःच स्वतःला द्यावा, आणि क्रमांक टाकून पोच खिशात घालावी. तुमच्याच टेबलावर तो येईल. टिपणी लिहावी : 'सदर प्रशिक्षणार्थ्याचे काम समाधानकारक असल्याचे दिसून येते. मान्यता असल्यास प्रमाणपत्र निर्गमित करता येईल.' प्रमाणपत्राचा मसुदा युनिकोडमध्ये टाईप करावा. सहीसाठी केबिनमध्ये ठेवावा.

साहेब त्या दिवशी बैठकीला धाराशिवला गेलेले असतील. फाईल प्रतीक्षाधीनच्या गठ्ठ्यात लावावी आणि साडेसहाची एसटी पकडावी.